आत बसून ढकललेली गाडी

आकाराम आणि गैबी यांचं बोलणं बंद झालं ते मंगळावरून.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माणसं एकमेकांशी बोलेनाशी होण्याची कारणं तशी ठरलेली असतात. फुटबॉलचा सामना, सामाईक भिंत, निवडणूक, फार तर कुणाच्या तरी जेवणावळीत ताटात रस्साच आला आणि मटणाच्या फोडी आल्या नाहीत, एवढंच. पण मंगळावर जायला इंधन लागतं की नाही यावरून साठी ओलांडलेल्या दोन माणसांनी एकमेकांकडं पाठ फिरवावी, हे पेठेत पहिल्यांदाच घडत होतं. त्यातला एक एसटीचा निवृत्त ड्रायव्हर आणि दुसरा सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा. मंगळाला यातलं काही कळलं असतं तर त्यानंही कपाळावर हात मारून घेतला असता.

यातला ड्रायव्हर तो आकाराम. नोकरीची बहुतेक वर्षं त्यानं चंदगड आगारात काढली. चंदगड म्हणजे पावसाचा आणि वळणांचा मुलूख. तिथं गाडी चालवायची म्हणजे चढाशी घासाघीस आणि उताराशी गोडीगुलाबी. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती लांब नेली यावर एसटीत ड्रायव्हरची पत ठरते, आणि त्या बाबतीत आकाराम आगाराचा लाडका होता. चढ यायच्या कितीतरी आधी तो वेग धरायचा. ब्रेक असा लावायचा की आईच्या मांडीवर झोपलेलं पोर जागं होऊ नये. उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडणाऱ्यांना मात्र तो ड्रायव्हर मानत नसे. डिझेल वाचवायचं ते डोकं चालवून, लोकांच्या जिवावर उदार होऊन नव्हे, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगत असे.

निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. भाताला कढ आला की हा गॅस बंद करायचा आणि झाकणावर भरलेला तांब्या ठेवायचा, वाफेवर शिजतोय म्हणून. चिमणाबाई, म्हणजे त्याची बायको, ताटात टचटचीत भात वाढून म्हणायची, "घ्या, डिझेल वाचवल्याला भात." आकाराम तोही मुकाट्यानं चावून खायचा. फक्त एका बाबतीत या माणसाला काटकसर जमली नाही, ती म्हणजे आवाज. जन्मभर इंजिनावर ओरडून बोलायची सवय. आकारामनं कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची, त्यामुळं पेठेत त्याला कुणी गुपित सांगत नसे.

गैबी शिकलगार नेमका उलटा. बोलणं कमी आणि हात चालू. दोघं एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले आणि एकाच मास्तरांच्या हातचा मार खाल्लेले. गैबीचं धार लावायचं दुकान पेठेतल्या कुस्तीच्या तालमीच्या मागच्या बोळात. पूर्वी दिवाळीच्या तोंडावर आणि बकरी ईदच्या आधी तिथं रांग लागायची. आता पाती बदलायच्या सुऱ्या आल्या, वापरून फेकायच्या कात्र्या आल्या, आणि गैबीचं चाक बरेच दिवस नुसतं उभं राहू लागलं. गैबी दुकान उघडायचा, झाडायचा, बसायचा आणि संध्याकाळी बंद करायचा. तक्रार करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण मेहमुदा, त्याची बायको, आकारामला म्हणाली होती, "भाऊ, ह्यांचं सकाळी उठायचं मनच हुईना झालंय."

असा हा गैबी एक दिवस भल्या सकाळी उठला आणि कामाला लागला. मोबाईलवर त्यानं कुठलातरी परदेशी माणूस बघितला होता, जो म्हणत होता की आपण इंधनाशिवाय अंतराळात जाणारं यंत्र बनवलंय. धूर नाही, ज्वाळा नाही, मागं काही फेकायचं नाही. आतली वजनं फिरवली की सगळा डबा आपोआप पुढं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. गैबी सोडू शकला नाही, कारण ही गोष्ट त्यानं जन्मभर डोळ्यांनी बघितली होती. बोल्टनं न आवळलेलं ग्राइंडर, त्यातून त्याचं चाक एका अंगाला जड असलं, तर चालू केल्याबरोबर टेबलावर तुरुतुरु चालत सुटतं. गैबीनं अशी पळणारी ग्राइंडरं कितीदा तरी टेबलाच्या कडेवर झेलली होती.

त्यानं जुनी दोन चाकं घेतली, दोन्हींच्या एकाच अंगाला लोखंडाचे गट्टू ठोकले, ती उलटसुलट फिरतील अशी जोडली, खाली बॅटरीवरची मोटर बसवली आणि सगळं पत्र्याच्या पेटीत घातलं. बटण दाबलं. पेटी थरथरली, हिंदकळली आणि दुकानाच्या फरशीवरून खुरडत खुरडत उंबऱ्यापर्यंत आली.

संध्याकाळी पेटी तालमीच्या कट्ट्यावर आली. कट्ट्यावर पेठेतली रिकामी आणि अर्धी रिकामी अशी सगळी माणसं जमलेली. गैबीनं पेटी फरशीवर चालवून दाखवली. लोकांनी माना डोलावल्या. आकाराम मात्र हाताची घडी घालून बघत होता.

"बघितलंस?" गैबी म्हणाला. "चाक जमिनीला लागंना, पंखा न्हाय, धूर न्हाय. आपल्या आपण सरकतंय."

"बॅटरी हाय की."

"बॅटरी उन्हावर भरती. वर ऊनच ऊन हाय."

"गैब्या, आतल्या आत हिसडं देऊन कायबी पुढं जात नसतंय. मी सीटवर बसून पुढची काच ढकलली तर गाडी जाईल व्हय?"

"जाती की," गैबी शांतपणे म्हणाला. "गेलती. तूबी हुतास, मीबी हुतो."

आकारामचा चेहरा पडला. कारण गैबी खरं बोलत होता.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन पावसाळ्यात आकारामची गाडी चंदगडहून कोल्हापूरला निघाली होती. गैबी तिकडं एका काजूच्या कारखान्यात पाती बसवून देऊन परत येत होता. वाटेत जंगलाच्या कडेला इंजिन बंद पडलं आणि बॅटरी बसलेली. समोर वीतभर अंतरावर उतार सुरू होत होता, पण गाडीची चाकं चिखलात रुतलेली. केरबा कंडक्टरनं फर्मान काढलं की सगळ्यांनी खाली उतरून धक्का मारायचा. कुणी हलेना. बाहेर पाऊस कोसळतोय आणि गवतात बोटाएवढ्या जळवा. तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "खाली कशाला उतराय पायजे? हितनंच ढकला की."

लोकांना ते पटलं. पावसात भिजायचं नसलं की माणसाला काहीही पटतं. सगळे उठले, मागं रेलले, आणि केरबाच्या "हैश्शा"ला एकदम पुढं झेपावून पुढच्या सीटच्या दांड्यांवर आदळले. आकाराम स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. पुन्हा हैश्शा, पुन्हा धडाम. आणि चौथ्या का पाचव्या धडामला गाडी हलली. वीतभर सरकली, उताराला लागली, आकारामनं हसू आवरून गिअर टाकला आणि इंजिन घरघरलं. आतल्या लोकांनी असा जल्लोष केला की जणू किल्ला सर केला.

ती गाडी का हलली हे आकारामला तेव्हाही कळलं नव्हतं आणि नंतरही नाही. निष्णात ड्रायव्हरला आपल्याच गाडीबद्दलची एक गोष्ट कळू नये, हे त्याला सलत होतं. आणि सलणाऱ्या जागी कुणी बोट ठेवलं की माणूस जे करतो तेच त्यानं केलं. तो ओरडला.

"आरं, मंगळाचं सोड, त्या पेटीत बसून पलीकडच्या गंगावेशीपत्तोर तरी जाऊन दाव. धंदा न्हाय म्हणून खेळणी करत बसलायस."

शेवटचं वाक्य त्याला बोलायचं नव्हतं. पण ब्रेक लावायच्या आत ते पुढं गेलं होतं. कट्टा खो खो हसला. गैबीनं पेटी उचलली. "जाहीर दावतो," एवढंच तो म्हणाला आणि बोळात निघून गेला.

झालं. कोल्हापुरात कुणी "दावतो" म्हटलं की ते त्या माणसाचं राहत नाही, सगळ्या पेठेचं होतं. तालमीचे अध्यक्ष हंबीरराव यांनी लगेच मुक्रर केलं की तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तालमीत, सगळ्यांसमोर. पंच म्हणून आकारामची सून मोना हिला नेमलं, कारण ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची आणि सासऱ्याला घाबरत नसे. मोनानं एकच अट घातली. पेटी जमिनीवर चालवायची नाही. अंतराळात जमीन नसते, म्हणून फळी दोरांनी तुळईला टांगायची आणि पेटी तिच्यावर ठेवायची. शेजारी गवंड्याचा ओळंबा सोडायचा. पेटीत खरोखर जोर असेल तर फळी ओळंब्याच्या पुढं जाईल आणि तिथंच राहील. गैबीनं निरोपानं अट मान्य केली. हंबीररावांनी आपल्या पदरची एक जोडली, की लबाडी होऊ नये म्हणून फळीच्या मागं विरुद्ध बाजूच्या माणसानं पहारा द्यायचा. म्हणजे आकारामनं.

त्या रात्री जेवताना आकारामनं सुनेला विचारलं, "मोना, चंदगडची ती गाडी का हालली गं?"

मोनानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. "लोक पुढं झेपावताना गाडीला पायानं मागंच रेटत होते, मामा. पण हळू. तेवढं चिखलानं सोसलं. दांड्यावर आदळले ते मात्र एकदम. तो दणका चिखलाला सोसला नाही आणि चाक सुटलं. ढकललं लोकांनी, पण टेकू दिला जमिनीनं."

आकाराम हरखला. इतक्या वर्षांचं कोडं भाकरीच्या एका तुकड्यात सुटलं. त्यानं आनंदानं आणखी रस्सा मागून घेतला आणि मग घास हातातच राहिला.

"आणि फळीवर?"

"फळीवर टेकू नाही. जेवढी पुढं जाईल तेवढीच मागं येईल. नुसती थरथरेल."

"म्हंजे गैब्याचं यंत्र..."

"हलणार नाही," मोना म्हणाली.

आपण जिंकणार हे आकारामला पक्कं कळलं, आणि त्याला अजिबात बरं वाटलं नाही. सगळ्या पेठेसमोर, तालमीच्या लाल मातीत, गैबी त्या थरथरणाऱ्या पेटीशेजारी उभा आहे आणि कट्टा हसतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तेही त्याच्याच तोंडामुळं.

दुसऱ्या दिवसापासून आकारामनं सुनेच्या मागं लकडा लावला. इंधनाशिवाय जायचा काहीतरी मार्ग असेल, शोध म्हणाला. मोनाला आधी हसू आलं. सासरा गंभीर आहे हे दिसल्यावर ती चहाचा कप घेऊन समोर बसली.

"मार्ग आहे की. नाही असं कोण म्हणतंय? रॉकेट मागं काहीतरी फेकतं म्हणून पुढं जातं. फेकायचं नसेल तर बाहेरनं कुणीतरी ढकलायला पाहिजे. ऊन ढकलतं."

"ऊन?"

"उजेड वस्तूवर पडला की तिला रेटतो. पण अगदी थोडं. समजा आपली पेठ झाकेल एवढं चकचकीत कापड आहे, एक किलोमीटर लांब नि तेवढंच रुंद. त्याच्यावर पडणाऱ्या सगळ्या उन्हाचा जोर किती? तळहातावर किलोभर वांगी ठेवल्यावर लागेल तेवढा."

"एवढ्यानं काय हुतंय?"

"वर अडवायला कोण नाही, मामा. जोर थोडा, पण तो थांबत नाही. महिनोन्महिने रेटत राहिला की वेग वाढत जातो. जपाननं असलं लहानसं शीड सोडून बघितलंय. चाललं."

एक थेंब डिझेल नाही आणि वेग वाढतच राहतो, ही कल्पना आकारामच्या काळजाला भिडली. चंदगड आगाराच्या डिझेल वाचवणाऱ्यांच्या फळ्यावर सूर्याचं नाव पहिलं लागलं असतं, असं त्याला वाटून गेलं. मग त्यानं विचारलं, "आणि तालमीत? बल्ब लावले तर?"

"बल्बनं फळी हलायला सगळ्या कोल्हापूरची वीज पुरायची नाही. आधी बल्बच्या उष्णतेनं वारा सुटेल, मग फळी जळेल."

तो मार्गही संपला. राहिला एकच, गैबीला आधी सांगून टाकणं. पण बोलणं बंद झालेल्या माणसाला सांगायचं कसं? आकारामनं स्वयंपाकघरातली विळी उचलली. धार लावायला आलोय म्हटलं की दुकानात शिरता येतं, त्याला बोलणं म्हणत नाहीत.

गैबी पेटीवर वाकलेला होता. आकारामनं विळी पुढं ठेवली. गैबीनं वर बघितलं, विळी घेतली, चाक सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. त्यानं नेहमीसारखी अंगठ्यानं हलकेच धार बघितली आणि विळी जुन्या कापडात गुंडाळून परत दिली. तेवढ्या वेळात आकारामनं तीनदा घसा खाकरला. त्याला हळू बोलायचं होतं, आणि हळू कसं बोलतात हे त्याला ठाऊक नव्हतं. मोठ्यानं बोललं असतं तर बोळातल्या सगळ्यांना कळलं असतं की गैबीचं यंत्र चालणार नाही. तो विळी काखेत मारून बाहेर पडला. एवढी धार लागली होती की चिमणाबाईनं त्या संध्याकाळी बोट कापून घेतलं.

मेहमुदा त्याच्या मागं बोळाच्या तोंडापर्यंत आली. "भाऊ," ती म्हणाली, "भांडान केलासा ते बरं केलं न्हाईसा. पण एक सांगू? लई दिसांनी माणूस पाटेचं उठून शीळ घालाय लागलाय. तेवढं त्येचं व्हऊ द्या."

"वैनी, ते..." आकाराम म्हणाला आणि पुढं त्याला सांगवेना.

तेव्हापासून आयुष्यात पहिल्यांदा आपण हरावं असं आकारामला वाटायला लागलं. रोज सकाळी तो मोनाला विचारायचा, "चुकून तुमचं शास्त्र चुकलं असलं तर?" मोना म्हणायची, "चुकलं तर मीच पहिली नाचेन, मामा. पण नाही चुकत."

रविवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुस्तीच्या मैदानाला जमावीत तशी माणसं, काही पोरं तर खिडकीच्या गजांना लोंबकळलेली. तुळईला चार दोर बांधून कमरेच्या वर फळी टांगली होती. शेजारी ओळंबा. गैबी धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता. त्यानं पेटी फळीवर ठेवली, फळी स्थिर होऊ दिली आणि आकारामकडं न बघता बटणावर हात ठेवला. आकाराम फळीच्या मागं, दोन्ही हात पाठीशी बांधून, शाळेतल्या कवायतीसारखा उभा. हात असे दिसले म्हणजे लबाडीचा संशय नको, असं हंबीररावांनीच सांगितलं होतं.

बटण दाबलं. पेटी घोंघावली. फळी थरथरली. पुढं गेली, मागं आली. पुढं, मागं. ओळंबा मध्येच गप्प उभा.

गैबीनं वेग वाढवला. थरथर वाढली. वेग कमी केला. पेटीची दिशा थोडी तिरपी केली. फळी आपली तिथंच, ताप आलेल्या माणसासारखी कापत. माणसं आधी टाचा उंच करून बघत होती, मग एकमेकांकडं बघायला लागली. मागून कुणीतरी नाकातून हसू सोडलं. गैबीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सदऱ्याच्या पाठीवर घामाचा डाग पसरत चालला होता, आणि तो डाग आकारामच्या अगदी समोर होता.

मग फळी पुढं गेली. एक बोट. दोन बोटं. आणि तिथंच राहिली.

तालीम दणाणली. शिट्ट्या झाल्या, कुणी लाल माती उधळली, हंबीररावांनी फेटा काढून पुन्हा घातला. मोना कपाळाला आठ्या घालून ओळंब्याकडं बघत होती, आपण शिकवलेलं सगळं खोटं निघालं की काय म्हणून. सगळ्यांत शांत होता तो गैबी. त्यानं फळीकडं बघितलं, पेटीला कान लावल्यासारखा तो वाकला, आणि त्या गदारोळात त्यानं हळूच बटण बंद केलं.

ओरडा हळूहळू निवला. घोंघाट थांबला होता. चाकं थांबली होती. पेटी दगडासारखी गप्प होती. आणि फळी ओळंब्याच्या पुढंच होती, आता तर चांगली तीन बोटं.

फळीच्या मागं आकाराम दोन्ही हात पाठीशी बांधून, नजर वर तुळईवर लावून उभा होता. निवृत्तीनंतर वाढलेलं त्याचं पोट मात्र फळीला घट्ट टेकलेलं होतं.

"आकारामा," गैबी म्हणाला. तीन आठवड्यांत तो त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "मशीन बंद हाय. पोट मागं घे."

आकाराम दचकून मागं सरला. फळी झोका खाऊन परत आली आणि ओळंब्याशेजारी उभी राहिली.

पेठेनं तीन आठवडे साठवलेलं हसू फुटलं. पण जे गैबीवर पडायचं होतं ते सगळं आकारामवर पडलं. पहारेकरीच चोर निघाला, तोही पोटानं. खिडकीतली पोरं हसून हसून गज सोडून खाली पडली. पोटावर मंगळाला जाणारा ड्रायव्हर, असं कुणीतरी ओरडलं, आणि हे नाव आता जन्मभर चिकटणार हे आकारामला तिथल्या तिथं कळून चुकलं. हंबीररावांनी हात वर करून निकाल विचारला. मोनानं स्पष्ट सांगितलं की पेटी स्वतःच्या जोरावर हललेली नाही. आतल्या आत कितीही हिसडे दिले तरी पुढं जाता येत नाही, बाहेरचं काहीतरी लागतं. मग तिनं उन्हाच्या शिडाचं सांगितलं आणि लोक ऐकत राहिले. गैबी सगळ्यांत लक्ष देऊन ऐकत होता. "ते कापड किती पातळ असतंय?" त्यानं मध्येच विचारलं. केसाहून पातळ, मोना म्हणाली, आणि न फाटता उलगडायला पाहिजे, तीच खरी अडचण आहे. गैबी बोटावर बोट चोळत विचारात पडला.

गर्दी पांगली. आकाराम अजून आखाड्याच्या कडेला मान खाली घालून उभा होता. गैबी त्याच्यासमोर येऊन थांबला.

"तू तर म्हणत हुतास, हालणार न्हाय."

"न्हायच हालत की."

"तुला ठावं हुतं?"

"पयल्या दिवसापास्नं. मोनानं सांगितलं हुतं."

"मग ढकललास कशाला?"

आकारामनं तोंड उघडलं. जन्मभर घाटात घुमलेला तो आवाज आला तेव्हा शेजारी उभ्या मोनालाही नीट ऐकू गेला नाही.

"तुला असं उभं बघवंना, गैब्या."

सदऱ्याच्या बाहीनं गैबीनं डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे. मग तो पेटीकडं वळला आणि तिचं एक टोक धरलं.

"धर त्या अंगानं," तो म्हणाला. "जड हाय."

आकारामनं दुसरं टोक धरलं आणि दोघं ती पेटी घेऊन बोळाकडं निघाले.